तीन हात वाट

"काका, सरळ धरा. सरळ! एक खांब तिरका गेला तर अख्खी लाइन तिरकी जाईल."

भिमाने खांब सरळ धरला. सिमेंटचा गार, खरखरीत खांब. लहान पोर छातीशी धरावं तसा. मितेश खड्ड्यात दगड कोंबत होता आणि तोंडाने बोलत होता. मितेशचं तोंड बंद पडायचं ते फक्त जेवताना, तेही रोज नाही.

"जगात सगळ्यात मोठा चोर कोण, सांगा."

"तू सांग. तुझ्या मोबाइलला ठाव."

"सरकार! कमवायचं आपण, वाटा त्याला. जमीन आपली, काय करायचं ते तो सांगणार. मी कुणाला तरास देत नाय, कुणाकडं मागत नाय, मग मला अडवणारा तू कोण? एवढंच तर म्हणणं हाय."

"रेशन पण तोच देतो ना."

"म्हणून तर तुमी गप बसता."

भिमा हसला. पण मनातल्या मनात त्याने ते बोलणं उलटंसुलटं करून बघितलं. बाजारात बैल बघतात तसं. दात बघायचे, खूर बघायचे, मग शेपटी उचलायची. बोलणं दिसायला चांगलं होतं. चालून कसं दाखवतं ते अजून दिसायचं होतं.

भिमा वरच्या वाडीतला. मुरबाडच्या अलीकडे, काळू नदीच्या कडेला हे गाव, आणि गावाच्या डोक्यावर त्याची वाडी. घराखालची जागा सोडली तर त्याच्या नावावर ढेकूळ नाही. चाळीस वर्षं तो गावाची गुरं राखत होता. एके काळी शंभरावर होती. आता पन्नासही भरत नव्हती, पण प्रत्येक गाईची आजीसुद्धा भिमाला माहीत होती.

गावाची एक रीत होती. भाताची शेवटची झोडणी झाली की भिमा काळ्या खडकावर चढायचा, तोंडाला हात लावायचा आणि ओरडायचा, "गुरं सुटलीऽऽ होऽऽ!" त्या हाकेनंतर पेरणीपर्यंत कुणाचंच शेत कुणाचं नाही. गुरं कुठेही चरतील, आणि दुपारी मितेशच्या शेतातून नदीच्या डोहावर पाण्याला जातील. मितेशच्या आज्यापासून ही वाट होती. कागदावर नव्हती, पण गुरांच्या पायात होती.

दुसरीही एक रीत होती. कुणी कुंपण घातलंच, तर वाटेच्या दोन बाजूंचे दोन खांब गुराख्याच्या हातून रोवून घ्यायचे. मधे तीन हात जागा सोडायची. गुराख्याने खांब रोवला म्हणजे धन्याने शब्द दिला. त्यावर कुणी काही बोलायचं नसतं.

म्हणून त्या दिवशी मितेशने कुदळ पुढे केली आणि म्हणाला, "हे दोन तुमीच रोवा, काका," तेव्हा भिमाचा जीव भांड्यात पडला. त्याने स्वतःच्या हाताने तीन हात मोजले. थोडं जास्तच. चांदी गाईची शिंगं रुंद होती.

"गुरांपुरती जागा ठेवलीस, बरं केलंस," भिमा म्हणाला.

"तुमच्या गुरांना कोण अडवतंय?" मितेश तार सोडवता सोडवता म्हणाला.

हा पोरगा भिमाला आवडायचा, त्याला कारण होतं. दोन वर्षांमागे चार गाई डोंगरावर वनखात्याच्या नव्या लागणीत घुसल्या होत्या. गार्डाने भिमाला दिवसभर बसवून ठेवलं आणि कोयता काढून घेतला. सगळं गाव लांबून बघत राहिलं. एकटा मितेश पुढे आला, तेव्हा भिवंडीच्या गोडाऊनमधून सुट्टीवर आलेला. "ह्यांची गुरं तुमच्या ऑफिसच्या आधीपासून चरतात इथं! अडवणारे तुमी कोण?" भिमा सुटला. कोयता सुटला नाही. पण इतक्या वर्षांत भिमाच्या बाजूने इतक्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

मितेशचंही खोटं नव्हतं. बापाच्या माघारी सातबाऱ्यावर नाव चढवायला त्याला तीन वर्षं खेटे घालावे लागले. दर वेळी एक नवा कागद. गोडाऊनमध्ये बारा-बारा तास उभं राहून त्याच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. आता नोकरी सोडून तो भेंडी लावणार होता. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाच्या दारात नाही. हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे की भिमालाही वाटायचं, चांगलंच बोलतंय पोर. आणि लगेच वाटायचं, जरा जास्तच चांगलं बोलतंय.

आठवड्याने शेवटची झोडणी झाली. भिमा खडकावर चढला, हाक दिली. वाडीतल्या पोरींनी खालून उलटी हाक दिली. गुरं निघाली.

दुपारी चांदी सगळ्यांच्या पुढे डोहाच्या वाटेला लागली, त्या दोन खांबांपाशी आली आणि थांबली.

दोन खांबांमधे तार होती. पाच पदरी. नवी, चकचकीत.

गुरांनी धक्का दिला नाही. एकामागे एक येऊन उभी राहिली. वाट उघडायची तेव्हा उघडेल अशी.

मितेश आत ठिबकच्या नळ्या पसरत होता. त्याने बघितलं, पण लगेच आला नाही. आधी हातातली नळी नीट ठेवली.

"काका, उद्या भेंडीची लागण हाय. एक गाय घुसली तर माझं वरीस गेलं."

"खांब माझ्या हातानं रोवलेत रे."

"मग? मजुरी दिली की त्याची."

भिमाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. पोराला रीत ठाऊक नव्हती, किंवा होती आणि त्याने ती मजुरीत धरली होती. ह्यातलं कुठलं जास्त वाईट, ते भिमाला ठरवता येईना.

"तू बोल्लास, गुरांना कोण अडवतंय."

"मी नायच अडवत! रस्ता पडलाय ना तिकडं. हायवेला जा, पुलाखालनं उतरा. जमीन माझी हाय, काका. माझ्या जमिनीत मी काय करायचं ते मी ठरवणार. तुमच्या घरात मी घुसतो का?"

"त्या गार्डाला काय बोल्लास तू तेव्हा? अडवणारे तुमी कोण म्हणून."

"तो सरकार होता. मी मालक हाय. फरक हाय त्यात."

भिमाने मागे वळून चांदीकडे बघितलं. "हिला कसा सांगू फरक?"

मितेशने तार ओढून ताण बघितला.

तेवढ्यात बांधावरून चंद्रकला आली. गावची सरपंच. तिच्या दोन म्हशी ह्याच कळपात होत्या. तार बघून तिने पदर खोचला.

"कायदा शिकवतोस गावाला? अर्ज करते मी तहसीलदाराकडं. वहिवाट बुजवली म्हणून. ह्यो भिमा साक्षीला हाय. करशील ना रे सही?"

"करा अर्ज!" मितेशचा आवाज चिरकला. "आणा सरकार गावात! काका, तुमचा कोयता नेला त्यांनी. आला का परत? आज माझी तार काढतील, उद्या अजून काय काढतील. आणि ह्या बाईला काय गुरांचा पुळका आलाय? पलीकडं तिची वरकस जमीन हाय, माळाची. मुंबईची पार्टी बघून गेलीय फार्महाऊसला. वाट कागदावर आली की तिच्या प्लॉटला रस्ता!"

"तोंड सांभाळ, मेल्या!"

पण ती नाही म्हणाली नाही. भिमाने ते बरोब्बर टिपलं.

दोन्हीकडून त्याला मतलबाचा वास येत होता. एक म्हणतो माझं ते माझं, दुसरी म्हणते गावाचं ते गावाचं, आणि दोघांच्या बोलण्यात गुरं मधेच कुठेतरी पाण्यावाचून उभी.

चंद्रकला तणतणत गेली. ऊन चढलं. एक वासरू खाली बसलं.

मितेश बराच वेळ नळ्यांशी खेळत होता. मग त्याने मोटर चालू केली, निळा ड्रम तारेच्या कडेला आणला, पाइप सोडला. ड्रम भरला तसा तारेखालून एक घमेलं बाहेर सरकवलं, मग दुसरं. घमेली भरत राहिला, गुरं पीत राहिली. मितेशचा शर्ट भिजला.

"बघा," तो धापा टाकत म्हणाला. "कुणी सांगितलं मला? कुठला कायदा हाय? माझ्या मनानं देतो. रोज देईन. माणसाला अडवलं नाय तर माणूस चांगलाच वागतो, काका. हेच तर सांगतोय मी."

तो खरं बोलत होता. भिमाला ते दिसत होतं.

"आज मन हाय तुझं," भिमा म्हणाला. "ज्या दिवशी नसल त्या दिवशी?"

"विश्वास नाय माझ्यावर?"

"हाय रे. पण डोहाला मन नव्हतं. त्याला कधी विचारायला लागलं नाय."

मितेशने हातातलं घमेलं पुन्हा भरून बाहेर सरकवलं.

सगळी गुरं प्याल्यावर भिमाने घमेली मातीने घासली, धुतली आणि तारेखालून आत सरकवली. मग वरून हात घालून ड्रम कलंडवला, उरलेलं पाणी भेंडीच्या वाफ्याकडे सोडलं, आणि ड्रम पालथा घातला.

"भरलेला राहू द्या की. उद्या लागंल."

"नको."

"उद्या कुठं पाजणार?"

"बघू."

सकाळी गुरं सोडायच्या आधी भिमा चंद्रकलाच्या ओटीवर गेला. अर्ज तयारच होता. तिने वाचून दाखवला. साठ वर्षांची वहिवाट, मितेशचं पूर्ण नाव, बापाचं नाव, दमदाटी केली वगैरे.

"दमदाटी नाय केली त्यानं."

"लिवायला लागतं तसं. नायतर कोण विचारतो अर्जाला?"

"ते खोड. आणि त्याचं नाव नको. वाट बंद झाली, एवढंच लिव."

"खुळा का काय? नावावाचून अर्ज होतो का?"

भिमा ओटीवर बसून राहिला. आत कुणीतरी चहा उकळत होतं. चहा आला, तसाच निवत राहिला.

"रस्ता नको," तो शेवटी म्हणाला. "गाडीचा नको. तीन हात लिव. गुरांपुरती."

चंद्रकलाने त्याच्याकडे रोखून बघितलं. तिचा जबडा आवळला. पण साक्षीदार एवढा एकच होता. तिने दमदाटी खोडली, बाजूला तीन हात लिहिलं आणि पेन त्याच्या हातात दिला. भिमाने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग सही केली. एवढी हळू, की एकेक अक्षर खड्डा खणून रोवतोय असं वाटावं.

दुपारी तो गुरांना हायवेकडे वळवू लागला. चांदी वळली नाही. ती रोजच्या वाटेने गेली, दोन खांबांपाशी जाऊन उभी राहिली. मागोमाग बाकीची.

मितेश आत वाकून बी टोचत होता. त्याने वर बघितलं नाही. ड्रम काल ठेवला तिथेच पालथा होता.

भिमाने हाक मारली नाही, काठीही उगारली नाही. खांबाला पाठ लावून तो खाली बसला. स्वतःच्या हाताने रोवलेला खांब. जरासुद्धा हलला नाही.

गुरं उभी होती. भिमाने त्यांना घाई केली नाही.