सिलिंडरला गोधडी

"चाचा, पेटतंय का?" ओमने विचारलं.

"पेटतंय रे. पन जीवच नाय त्यात."

जमालुद्दीनने परत वाकून बघितलं. एवढी मोठी शेगडी, आणि ज्योत पणतीएवढी. वर चहाचं पातेलं ढिम्म. तंबूच्या दारात पाच देशांचे सैनिक मग वाजवत उभे. सौदीच्या उत्तर टोकाला, तुरैफच्या बाजूला, जानेवारीत काय थंडी पडते ते रियाधमध्ये कुणाला सांगून पटत नाही. वाळूवर बर्फाचा पापुद्रा, नळ गोठलेला. ही सगळी पोरं मुद्दाम असल्या थंडीत लढायची प्रॅक्टिस करायला आणलेली. म्हणजे आले थंडीसाठीच, पण चहा मात्र गरम पाहिजे!

जमालुद्दीन मूळचा हर्णैचा. अर्धं आयुष्य सौदीच्या किचनात गेलं. या कॅम्पची मेस ज्या कंपनीकडे होती, तिचा तो जुना कुक. पण आता जागोजागी सौदी पोरं भरायचा नियम आलेला. त्याच्या डोक्यावर नायेफ नावाचा सुपरवायझर बसवला होता. नायेफ इथलाच, तुरैफचा. मिसरूड नीट फुटलेली नाही, अंगात नवंकोरं जॅकेट. त्याला काम शिकवायचं कुणी? जमालुद्दीनने. शिकवून झालं की जायचं कुणी? तोही जमालुद्दीनच. आता बोला.

मॅनेजर विजयकुमारने आधीच सांगून ठेवलं होतं. कॅम्प तक्रारीशिवाय पार पडला, तर तुला किंग अब्दुल्ला सिटीच्या कँटीनला टाकतो. एक जरी तक्रार आली, तर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत भारतात. आणि मार्चमध्ये सानियाची बारावीची परीक्षा. बापाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना गेला, की रियाधमधल्या अल मलाझच्या खोलीतून आई आणि पोरगी दोघींनी बॅगा भरायच्या. परीक्षा गेली खड्ड्यात.

म्हणून हा माणूस सिलिंडरला जिवापाड जपत होता. इतका, की बायकोने, साबिराने जुन्या ओढण्या शिवून दिलेली गोधडी रात्री स्वतः न घेता त्याने सिलिंडरला गुंडाळली. वरून सुतळीने करकचून बांधली. स्वतः मात्र पिठाच्या गोणपाटाखाली कुडकुडत झोपला.

नाशिकचा ओम, जनरेटरवाला, गोधडीकडे बघून हसायला लागला. "चाचा, टोपडं पण घाला की त्याला! आता उठायचंच नाही म्हणतंय ते."

"दात काय काढतोस? थंडीत गॅस बसतो. म्हनून पांघरूण घातला."

तेवढ्यात नायेफ आत आला. त्याने एकदा ज्योतीकडे पाहिलं, एकदा सिलिंडरकडे. "चाचा, ये क्या?"

"कंबल. ठंडी के वास्ते."

"ला, ला! नहीं, चाचा!" नायेफने खसकन सुतळी तोडली. आत सिलिंडरच्या बुडाला पांढरंशुभ्र बर्फ धरलेलं. "गॅस जलता है तो सिलिंडर ठंडा होता है. बाहर का गर्मी मांगता है. तुम दरवाजा बंद किया. हमारा दादा टब में रखता था. हल्का गरम पानी, बस."

ओमने जनरेटरच्या खोलीतून कोमट पाणी आणलं. टबात सिलिंडर ठेवला आणि थोड्या वेळात ज्योत भसकन वर आली. जमालुद्दीन येड्यासारखा बघत राहिला. मग कपाळावर हात मारून स्वतःलाच हसला. "आमच्या हर्णैला कधी बरफ बघितला होता का रे! मला वाटला, लेकरासारखा त्यालाबी पांघरूण लागतो."

चहा उकळला. जमालुद्दीनने नेहमीसारखा डाव झाकणावर हाणला आणि बोंब मारली, "चला रे पोरांनो, या खायाला!"

रोज ही मराठी बोंब ऐकून पाचही देश पळत यायचे. एकालाही मराठी येत नव्हती. पण त्या दिवशी दारात कुणीच नव्हतं. पोरं कोरडा पाव खिशात घालून डोंगराकडे निघून गेली होती.

दुपारच्या आत विजयकुमारची गाडी आली. वरून ऑफिसरची तक्रार आलेली.

"किसकी गलती है?"

नायेफ पुढे झाला. "सुपरवायझर मैं हूँ. मैंने बोला था..."

"झूठ है साब," जमालुद्दीन मध्येच म्हणाला. "कंबल मैंने बांधा. इसको पूछा भी नहीं."

विजयकुमार दाराकडे वळला. "तो खलास, जमालभाई. आज ही रियाध निकलो." आणि बाहेर गेला.

ओमचं डोकं फिरलं. "गप बसायचं ना चाचा! त्याला कोण काढणार आहे? सौदी आहे तो!"

"त्याची पहिलीच नोकरी हाय. खोटं बोलून सुरवात करील? ती पन माझ्यासाठी?" जमालुद्दीन डाव धुवायला लागला. "आनी गोधडी मीच बांधली होती ना?"

नायेफ तिथे नव्हताच. बाहेर गाडीपाशी अरबीतून जोरजोरात चाललेलं. दार आपटल्याचा आवाज आला. परत नायेफचाच आवाज. मग तो आत आला, नाक लाल, श्वास लागलेला.

"आज रियाध जाना पडेगा. लेकिन इकामा मार्च तक रहेगा," तो म्हणाला. "बेटी का इम्तिहान. उसके बाद खलास. मैं इतना ही कर सका, चाचा."

जमालुद्दीनने त्याच्या हातात ओला डाव दिला आणि त्याच हाताने त्याचा खांदा दाबला. नव्या जॅकेटवर पाण्याचे पाच डाग पडले.

साबिराला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आनी तुमी कायचा घेऊन झोपलात?"

"गोनपाट."

"या घरी, बघते तुमाला!"

मागून सानिया ओरडली, "अब्बा, मार्च इज इनफ!"

संध्याकाळी ओम त्याला बस स्टँडवर सोडायला निघाला. पिकअपचा हीटर बंद पडलेला. नायेफने गोधडी आणून जमालुद्दीनच्या मांडीवर नीट पसरली, दोन्ही बाजूंनी खोचली, दार लावलं आणि तंबूत गेला. गाडी सुरू होताहोता झाकणावर डाव आपटल्याचा आवाज आला.

"चला रे पोरांनो, या खायाला!"

डोंगरावरून उतरलेली पोरं धावत सुटली.

आवाज ऐकून जमालुद्दीनचा हात सवयीने दाराच्या हँडलवर गेला होता. ओमने बघितलं, पण गाडी थांबवली नाही. जमालुद्दीनने हात सावकाश मागे घेतला आणि परत गोधडीखाली ठेवला.