करवतीची सुट्टी

सुहासिनीबाईंनी कुंकवाचं बोट आधी मोटरच्या करवतीला लावलं, मग फांद्यांचा भुगा करणाऱ्या अजस्र यंत्राला आणि शेवटी टाचा उंचावून पाळण्याच्या ट्रकच्या नाकाला. झेंडूची माळ ट्रकच्या आरशाला अडकवली. मग नारळ फुटपाथच्या कडेवर एका दणक्यात फोडला आणि पाणी पुढच्या चाकांवर शिंपडलं. गावाचे कामगार डेल आणि कर्टिस टोप्या हातात धरून उभे होते. त्यांना टोप्या काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

हिमानी धावत बाहेर आली. ऑफिसच्या मीटिंगचा हेडफोन अजून तिच्या गळ्यात होता.

"आई, हे काय चाललंय?"

"दसरा," सासूबाई म्हणाल्या. "सांग त्यांना. आज हत्यारांची पूजा असते. एकदा पूजा झाली की दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. त्यांनाही विश्रांती हवी की नको?"

डेल म्हणजे या गावाचं अख्खं रस्ते खातं. ॲन आर्बरपासून पाऊण तासावरचं हे एवढंसं गाव. उन्हाळ्यात इथले खड्डे बुजवायचे डेलने, पानगळीत झाडं छाटायची डेलने आणि हिवाळ्यात पहाटे उठून रस्त्यावरचा बर्फ लोटायचा तोही डेलनेच. कर्टिस मदतीला. माणसाला पाळण्यात बसवून वर नेणारा ट्रक तेवढा गावाचा नव्हता. तीन गावांत मिळून तो एक होता आणि यंदा या गावाच्या वाट्याला नेमका आजचा दिवस आला होता. संध्याकाळी तो पुढच्या गावाला जाणार आणि पुन्हा इकडे फिरकणार तो बर्फ वितळल्यावर.

ट्रक आला होता तो घरासमोरचा मेपल पाडायला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या रस्त्यावर आलेल्या फांदीला बर्फाची गाडी घासली होती आणि फांदीला तडा गेला होता. भर वादळात ती कुणाच्या डोक्यावर पडली तर काय घ्या, म्हणून गावाच्या झाडांच्या समितीने झाडच काढायचं ठरवलं. समितीत कोण, तर आपली हिमानी. गावात चार ओळखी व्हाव्यात म्हणून तिने हौसेने नाव दिलं होतं आणि सगळ्यांनी हात वर केला तेव्हा तिनेही केला होता. रात्री जेवताना तिने हे घरी सांगितलं. ट्रक एकच दिवस मिळणार आहे हेही सांगितलं. सुहासिनीबाई एरवी मिठापासून हवामानापर्यंत सगळ्यावर बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी फक्त ताक प्यायलं आणि ताट उचललं.

दोन वर्षांपूर्वी त्या वर्ध्याहून कायमच्या इथे आल्या. गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही. पहिला हिवाळा खिडकीत बसून काढला. मग सत्यजितने आईसाठी मेपलखाली एक लाकडी बाक आणून ठेवला आणि बाईंचं नशीब पालटलं. शाळेची बस तिथेच थांबते, त्यामुळे मुलांच्या आया तिथे जमायच्या. टपाल वाटणारी बाई पाणी प्यायला थांबायची. कुत्री फिरवणारे म्हातारे टेकायचे. ते इंग्रजीत बोलायचे, ह्या मराठीत उत्तर द्यायच्या आणि दोघांचंही काही अडायचं नाही. बाई त्या बाकाला पार म्हणायच्या. पारावर जाऊन येते, असं सांगून रोज चार वाजता निघायच्या.

"झाडच गेलं तर मी बसू कुठे, हिमानी?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं होतं. "माझं वर्ध्याचं तिकीट काढून दे." रागावून म्हणाल्या असत्या तर हिमानीला बरं वाटलं असतं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या आणि हिमानीला दिवसभर रडू येत राहिलं.

आता डेल तिच्याकडे बघत होता. बाई काय म्हणताहेत, असं त्याने विचारलं.

हिमानीने तोंड उघडलं आणि तिला एकदम आठवली ती नवी कार. शनिवारी आणायची ठरली होती. सासूबाईंनी परवाच त्यात मोडता घातला होता. पितृपक्षात नवीन काही घरात आणायचं नाही म्हणजे नाही. सत्यजितने शोरूमला फोन करून निमूटपणे तारीख पुढे ढकलली होती. म्हणजे पितृपक्ष चालू होता. सर्वपित्री व्हायची होती, घट बसायचे होते. दसरा कुठल्या कुठे होता.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. ज्या बाईने उभ्या जन्मात पितृपक्षात साधा झाडूही विकत घेतला नव्हता, ती बाई माळेची गाठ पुन्हा पुन्हा नीट करत होती. मान वर करायलाच तयार नव्हती.

खोटं बोलायचं, तेही समितीवर असताना. पण तिला त्या हातांकडे बघवेना.

"आज आमचा सण आहे," ती डेलला म्हणाली. "पूजा झालेल्या हत्याराने आज काम करत नाहीत."

डेलने ट्रककडे पाहिलं, मेपलकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. समितीच्या बाई तुम्हीच, तेव्हा तुम्हीच सांगा, असं तो म्हणाला. हिमानीने विचारलं, खरी भीती त्या तडकलेल्या फांदीचीच आहे ना? तेवढीच काढली तर? डेलने झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर थापट्या मारल्या. बाकीचं झाड हा हिवाळा सहज काढेल, पुढचं वसंतात बघता येईल, असं त्याचं मत पडलं. मग तो टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला,

"फांदी खालीच आहे, शिडीवरून होईल. हाताची करवत गावाच्या गॅरेजमध्ये आहे. तिची पूजा झालेली नाही."

हिमानीने तिथूनच समितीतल्या बाकीच्यांना फोन लावले. हरकत कुणीच घेतली नाही. उलट अध्यक्ष म्हणाले, त्यांनाही ते झाड पाडायचं जिवावर आलं होतं. दुपारपर्यंत फांदी खाली आली. कर्टिसने बाकावर बसून दोनदा शिरा मागून घेतला. पाळण्याचा ट्रक झेंडूची माळ मिरवत पुढच्या गावाला गेला.

स्वयंपाकघरात हिमानी ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, पितृपक्ष चालू आहे ना?"

सुहासिनीबाईंनी कढई घासायला घेतली. "आहेच. म्हणून तर म्हटलं, कार शनिवारी आणायची नाही."

हिमानी हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीवर बसली. बाई नळ बंद करून म्हणाल्या, "देवीची माफी मागितली आहे गं मी. खऱ्या दसऱ्याला दुप्पट पूजा करीन."

खरा दसरा उजाडला तेव्हा मेपल पिवळाधमक झाला होता. बाईंनी सकाळीच विळी, मिक्सर, सत्यजितचा लॅपटॉप आणि दारातली नवी कार यांची पूजा उरकली. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. डेल आला होता. सोबत बर्फाची गाडी होती, धुऊन पुसून लख्ख केलेली, पुढे नारिंगी पातं बसवलेली. सीटवर हाताची करवत ठेवलेली होती.

"बायकोने फोनवर शोधलं," तो हिमानीला म्हणाला. "ती म्हणते, हा सण आज आहे."

हिमानीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. डेलने हात हलवून तो विषय बाजूला सारला. त्या दिवशी या दोघींची पूजा राहून गेली होती, म्हणून आणल्या, एवढंच तो म्हणाला. आणि आज त्याने कामाला सुट्टी घेतली होती, कारण नियम म्हणजे नियम.

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

या वेळी हिमानीने शब्दन् शब्द सांगितला.

सुहासिनीबाईंनी ताट आणलं. पात्याला पाच बोटं कुंकू लावलं, करवतीला हळद लावली, गाडीला औक्षण केलं. मग मेपलखाली वाकून एक पिवळं पान उचललं, पदराला पुसलं आणि डेलच्या तळहातावर ठेवलं.

"सोनं घे, बाबा."

डेलने हिमानीकडे पाहिलं.

"सोनं," हिमानीने सांगितलं.

त्याने पान टोपीच्या पट्टीत खोचलं. सुहासिनीबाई पारावर बसल्या आणि सरकून त्याला जागा करून दिली.