सहीआधीचा रविवार

जोलीनने ओव्हनमधून फेटलेल्या अंड्यांचा ट्रे बाहेर काढला, सुरीचं टोक मधोमध खुपसून बघितलं आणि ट्रे पुन्हा आत सरकवला. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा, ब्रेंटचा आवाज चढला होता. पाहुण्यांपुढे तो असाच चढायचा, अर्धा शिकवणीचा आणि अर्धा जत्रेतला.

"मैदानावर सव्वाशे किलोची माणसं आडवी करतोस, आणि माझ्या तीन वर्षांच्या पोरीला घाबरतोस होय रे?"

सोफ्याच्या कडेला टेकलेला टेव्हिन लाजून हसला. टिलीने त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत बदकांची चित्रं चिकटवली होती आणि तो हात जराही न हलवता बसला होता.

"तसं नाही, कोच. ती म्हणाली, हललास तर बदकं उडून जातील."

जोलीन दारातून बघत राहिली. टिली अनोळखी माणसाजवळ सहसा जात नसे. नव्या घरात तर पहिले कित्येक दिवस ती आईच्या पायाला चिकटून असे, आणि आतापर्यंत तिच्या वाट्याला तीन नवी घरं आली होती.

"ते फडकं दे इकडे. मला रिकामं बसवत नाही," मागून आवाज आला. टेव्हिनची आई, अर्डेल पिटमन, बाह्या वर सारून सिंकपाशी उभी होती. मिसिसिपीतल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात ती काम करायची. मुलाला आपल्या फुटबॉल संघात निवडायला निघालेल्या कॉलेजने दोघांना विमानाने बोलावलं होतं आणि ती विमानात पहिल्यांदाच बसली होती.

"अहो, तुम्ही पाहुण्या आहात."

"म्हणूनच तर. पाहुणीला घराचं सगळं दिसतं."

शुक्रवार-शनिवार कॉलेजचे, रविवार सकाळ कोचच्या घरची, अशी रीत होती. मुख्य कोच दर हंगामात हाताखालच्या कोचांच्या बायकांना ऐकवायचा, "पोरगं मैदान बघतं, आई स्वयंपाकघर बघते." हे काम कुठल्याच पगारात धरलेलं नव्हतं, पण त्यात चूक झाली तर ती मात्र धरली जायची. आज बाकीची दोन कुटुंबं खाऊन निघून गेली होती. हे मायलेक तेवढे उरले होते, आणि ब्रेंटला सगळ्यांत जास्त हवा होता तो हाच मुलगा.

गुरुवारी ब्रेंटला दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठातून फोन आला होता. अख्खी बचावफळी त्याच्या हाती द्यायला ते तयार होते. बिनपगारी मदतनीस म्हणून कोचच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपणारा ब्रेंट, मग डकोटाच्या थंडीत मागच्या फळीतल्या पोरांना पळवणारा, मग ओहायोत, मग इथं. प्रत्येक ठिकाणी त्याने याच एका फोनची वाट बघितली होती. बचाव चांगला झाला की मोठं कॉलेज उचलून नेतं, वाईट झाला की आहे ते कॉलेज हाकलून देतं. सामानाची खोकी दोन्ही वेळा तीच लागतात, हे जोलीनला आता पाठ झालं होतं.

"बुधवारी पोरांच्या सह्या होईपर्यंत एक अक्षर नाही," त्याने बजावलं होतं. "बातमी फुटली तर तिकडचे मागे सरतील आणि इथलं दार तर बंदच होईल. मग मी कुठला?"

करारावर सही झाली की पोरगा कॉलेजशी बांधला जायचा. कोच मोकळाच असायचा. ऑक्टोबरात अर्डेलच्या घरी बसून ब्रेंटने शब्द दिला होता, की चार वर्षं हा माझा. तेव्हा तो मनापासून बोलला होता, यात जोलीनला शंका नव्हती. खोटं बोलणाऱ्यावर निदान चिडता येतं. ब्रेंट त्या त्या वेळी खरंच बोलायचा.

अर्डेलने बशी पुसून ठेवली आणि दुसरी उचलली नाही.

"एक विचारू? वसंतात ह्याचा बाप गेला. रडला नाही, काही नाही, नुसता गप्प झाला. अजूनही होतो मधूनच, दिवस दिवस. तेव्हा कुणी नुसतं शेजारी बसलं तरी पुरतं. तुम्ही दोघं असाल ना इथं?"

"ब्रेंट फार चांगला शिकवतो. पोरांवर जीव..."

"ते नाही विचारलं मी."

बाहेर टिली खिदळली. जोलीनने ओव्हनचं बटण बंद केलं आणि हात अ‍ॅप्रनला पुसले, कोरडेच होते तरी पुसले. ब्रेंटची पाठ दारातून दिसत होती, टेबलावरच्या मीठदाण्या हलवून तो टेव्हिनला कुणी कुठून धावायचं ते दाखवत होता.

"नाही," ती हळूच म्हणाली. "नसणार आम्ही."

अर्डेलने मान वळवून बाहेरच्या खोलीकडे बघितलं. ही बाई आता बाहेर जाऊन पोराला हाताला धरून उठवील, मुख्य कोचला फोन करील, आणि ब्रेंटची सगळी वर्षं ह्या सिंकपाशी वाहून जातील.

"त्याला सांगू नकोस," अर्डेल म्हणाली. "तुझा नवरा आवडलाय त्याला."

"म्हणजे... सही करणार तो?"

"करेल. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं पुरतं मिळतंय ते इथंच. आणि दुसरीकडचे कोच काय तिथं मुळं धरून बसलेत?" तिने फडकं झटकून दांडीवर घातलं. "पण मग मला हे सांग पोरी, इथं राहतं कोण?"

जोलीनने आठवून बघितलं. मुख्य कोच? दोन हंगाम हरला की तोही गेला. मग तिला एकच चेहरा आठवला.

विमानतळावर सोडायला जोलीनच जाणार होती. ब्रेंटने टेव्हिनची पाठ थोपटली, अर्डेलचा हात दोन्ही हातांत धरला. "बुधवारी भेटू, फोनवर का होईना!" अर्डेलने त्याच्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. जोलीनने टिलीला मागच्या सीटवर बांधलं आणि गाडी हमरस्त्याऐवजी कॉलेजकडे वळवली.

खेळाडूंच्या भोजनगृहाच्या दाराशी उंच स्टुलावर मिस ओपल बसलेली होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड ती बघायची. कोण आलं नाही तेही बघायची, आणि न आलेल्याच्या खोलीवर कुणाला तरी धाडायची. सहा मुख्य कोच आले नि गेले, मिस ओपल त्याच स्टुलावर होती.

"हा टेव्हिन. ऑगस्टपासून येईल," जोलीन म्हणाली. "ह्या त्याच्या आई."

ओपलने मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बदकं छान आहेत रे. जा, ताट घे. आणि भाजीसमोरून नुसता पळून जाऊ नकोस, मला दिसतं इथून."

"हो, मॅडम." तो आत गेला. टिली अर्डेलचं बोट धरून त्याच्यामागे गेली, आईकडे वळून न बघता.

ओपल हातातली कार्डं सारखी करत राहिली.

"गेल्या वेळची ती लाल केसांची," ती म्हणाली, "तीसुद्धा एका आईला घेऊन आली होती. तिच्या आधीचीही. डिसेंबरातच."

जोलीनने किल्ली मुठीत आवळली. त्या लाल केसांच्या बाईचं नाव तिला माहीत नव्हतं. ब्रेंटच्या आधी तिचा नवरा त्याच खुर्चीवर होता, एवढंच ठाऊक होतं.

"मिस ओपल, बुधवारपर्यंत..."

"मी कार्डं बघते गं बाई. बाकी काही बघत नाही."

जोलीन आत गेली तेव्हा अर्डेल ओपलच्या स्टुलावरून दिसेल असं टेबल निवडून बसली होती. टिली तिच्या मांडीवर होती. टेव्हिन खाली मान घालून खात होता. फोन वाजला, ब्रेंट विचारत होता, निघालं का विमान?

"वेळ आहे अजून," जोलीन म्हणाली. "जेवायला थांबलोय."

अर्डेलने पायाने शेजारची खुर्ची ओढली. "बस. जाताय तिकडे तुझं कोण आहे? पोरीला ताप आला, नवरा गावोगाव पोरं बघत फिरतोय, तर धावत कोण येईल?"

जोलीन बसली. टिलीच्या कपाळावरची बट तिने मागे सारली, तिथंच हात ठेवला.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "ते गाव मी अजून बघितलेलंच नाही."