श्वासाच्या जागा

आप्पांच्या कॉम्प्युटरवर मोठी फाइल उघडायला टाकावी, खाली जाऊन चहा पिऊन यावं, चार लोकांची विचारपूस करावी आणि वर येऊन बघावं, तर ती निम्मी उघडलेली असायची. आप्पांना त्याचंही कौतुकच. "घाई म्हणून नाही त्याला," ते म्हणायचे. छपाईची पानं लावणारे बाकी डीटीपीवाले दर दोन-तीन वर्षांनी सिस्टिम बदलत. आप्पांनी मात्र वीस वर्षं तिला हात लावू दिला नव्हता.

समोरच्या टेबलावर त्यांची सून डीटीपीचंच काम करी. ती म्हणे, "आप्पा, हा कॉम्प्युटर नाही, लाडोबा आहे तुमचा."

आप्पा तिला कारण सांगत नसत. कारण होतं भजनांचं पुस्तक.

वीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, आप्पांनी एकशे ऐंशी भजनांचं ते पुस्तक लावलं होतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, शेजारी स्टुलावर बसायची. एकेक भजन गाऊन दाखवायची आणि जिथे ती श्वास घेई तिथे आप्पा ओळ तोडत. पुस्तक हातात धरून गाणाऱ्याला म्हणून कधी दम लागला नाही. देवाचं नाव घ्यायचं तर छाती मोकळी हवी, असं अक्काचं म्हणणं. बाकीच्या प्रती केव्हाच वाटून संपल्या; घरातली एकुलती एक प्रत कुणीतरी 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेली, ती गेलीच.

आता पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती आणि छापखान्याने स्वच्छ सांगितलं, "तुमच्या जुन्या फाइली आमच्याकडे उघडत नाहीत." अक्का त्र्याऐंशीची झालेली, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं.

"अगं, तिचे श्वास आहेत त्यात," आप्पा अखेर सुनेला म्हणाले. "हलले तर?"

"फाइलीची प्रत काढून ठेवते, आप्पा. काही जात नाही कुठे."

दुपारी सिस्टिम अपग्रेड झाली. जुनी अक्षरं नव्या सिस्टिमला समजतील अशी सुनेने करून घेतली आणि फाइलीवर टिचकी मारली. चहाचा कप उचलेपर्यंत अख्खं पुस्तक समोर हजर! समोरासमोरची पानं शेजारी शेजारी, अक्षर कसं लख्ख. आप्पा लहान मुलासारखे हसले. मग चष्मा पुसून पुढे वाकले आणि त्यांचं हसू विरलं. एकूण एक ओळ भलतीकडेच तुटली होती.

"इथे तुम्ही एंटर मारला नव्हता?" सुनेने विचारलं.

"एंटर काय, कोणीही मारतो."

हीच तर आप्पांची ऐट होती. एंटर मारून ओळ तोडणं म्हणजे त्यांना दांडगाई वाटे. ते अक्षरांमधली जागा केसाकेसाने कमीजास्त करत, ओळ आपणहून हव्या त्या जागी वळेपर्यंत. नवी अक्षरं केसभर रुंद निघाली आणि सगळी कारागिरी वाहून गेली. काढून ठेवलेली प्रतही उघडायची ती याच नव्या सिस्टिममध्ये.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. अक्काला सांगायचं कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने एक गंमत काढली. नवी सिस्टिम मजकूर वाचूनही दाखवत होती. तिने पहिलं भजन ओळीओळीने वाचायला लावलं. मशीनमधली बाई गोड आवाजात वाचू लागली आणि ओळ संपली की थांबू लागली. आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला.

"कोण गं ही बया?" अक्का दारात उभी. "पोहायला पडलीय की काय? चरणाच्या मध्येच तोंड वर काढतेय!"

आप्पांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. अक्काने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "स्टूल कुठाय माझं?"

मशीनने ओळ वाचायची, अक्काने "थांबव तिला" म्हणायचं, गाऊन दाखवायचं आणि आप्पांनी तिथे चक्क एंटर मारायचा. असं काम सुरू झालं. पहिल्याच ओळीला अक्काचा दम मध्येच तुटला. आप्पांचं बोट पुढे झालं.

"अरे, तो नव्हे! हा म्हातारीचा श्वास. पुस्तकात तरणा घालायचा." तिने डोळे मिटले. ओठ नुसते हलले, आवाज नाही. मग मांडीवर हलकेच थाप पडली. "हं. इथे."

चार दिवस तसे गेले. वीस वर्षांपूर्वीची अक्का डोळे मिटून गायची, आताची मांडीवर थाप द्यायची. एक्केचाळिसाव्या भजनाला मात्र ती अडखळली.

"धाकट्या, हे तेव्हाही चुकलं होतं."

"काय सांगतेस! मग बोलली का नाहीस?"

"सकाळपासून झटत होतास त्या पानाशी. बसलं एकदाचं, तेव्हा केवढा खूश झालास. म्हटलं, एक श्वास चोरून घेईन मी."

"वीस वर्षं?"

"जड नाही गेलं रे."

आप्पा पडद्याकडे वळले. ओळ तिथे तोडली, तर पान एका ओळीने वाढणार होतं. पूर्वी एवढ्यासाठी पुढची सगळी पानं पुन्हा लावावी लागली असती. त्यांनी एंटर मारला. पुढची पानं एकामागून एक, आपली आपणच सरकून बसली.

"झालं?" अक्काने विचारलं.

"झालं."

"वाचायला लाव तिला."

मशीनमधली बाई वाचू लागली आणि नेमकी तिथे थांबली. अक्कानेही तिच्याबरोबर श्वास घेतला. सावकाश, छाती भरून.

"शिकली गं बया," ती म्हणाली. "पुढचं लाव, धाकट्या."