कापसाच्या खोलीतलं जहाज

आदिलाबाद स्टेशनवर उतरली तेव्हा अर्पिताच्या पायांखालची जमीन हलत होती. कितीतरी महिने समुद्रावर काढलेल्या माणसाला असं होतं, काही दिवस होतच राहतं, हे तिला ठाऊक होतं. ऑटोतून भीमपूरच्या बाजूला निघाली, पैनगंगेकाठचं गाव आलं, दारात आई उभी दिसली, तरी ते हलणं थांबलं नाही. अंगणातला कडुनिंब, दाराची चौकट, ओट्यावरचा माठ, सगळं एखाद्या संथ लाटेवर ठेवल्यासारखं वर जात होतं आणि हळूच खाली येत होतं.

आईच्या, सखूबाईच्या, लुगड्यामागे खेमा उभी होती. अर्पिताची एकुलती एक लेक. नुकतंच सहावं लागलेलं.

"जा ना वं, तुही मम्मी आली," सखूबाई म्हणाली.

खेमा गेली नाही. फोनवर एवढी बडबडणारी पोर, पण फोनमधून बाहेर आलेल्या या बाईकडे ती नुसती बघत राहिली. मग आजीचा पदर तोंडात धरून आत निघून गेली.

"येईल. लाजून राह्यली," सखूबाई म्हणाली.

"येऊ दे तिच्या मनानं," अर्पिता म्हणाली, आणि माठातलं पाणी प्यायला वळली. आईला आपला चेहरा दिसू नये म्हणून.

जहाजावर तिचं काम लहान मुलांना रमवण्याचंच होतं. नवऱ्याशी, अनुपशी, फारकत झाल्यावर ती आदिलाबादला एका नर्सरी शाळेत शिकवत होती. तिथून हैदराबादच्या एका मुलाखतीला गेली आणि निवडली गेली. तेव्हापासून एका उंच पांढऱ्या जहाजाच्या वरच्या मजल्यावर, मोठ्या गोल खिडक्यांच्या खोलीत, ती जगभरातल्या मुलांना खेळवत होती. आईबाप सकाळी मुलांना तिच्या हवाली करत आणि पोहायला, जेवायला, नाचायला जात. मुलं खजिना शोधत, चेहरे रंगवून घेत, कप्तानाची टोपी घालून खोटं सुकाणू फिरवत. एखाद्या संध्याकाळी सगळ्या घराघरांचा मिळून खेळ असे. बाप लंगडी घालत, आज्या टाळ्या पिटत. खिडकीबाहेर पाणी सरकत राही, निळं, मग राखाडी, मग तांबूस. त्या खोलीत रडणारं पोर अर्पिताच्या हाती दिलं की थोड्या वेळात गप्प होई. तिचा लौकिक होता तसा.

घरी आल्यावर तिनं तेच केलं, जे परक्या मुलांसाठी करायची. हाक मारायची नाही, जवळ ओढायचं नाही. जमिनीवर बसायचं आणि हातांनी काहीतरी करत राहायचं.

ती ओट्यावर बसली आणि टॉवेलची घडी घालून हत्ती बनवला. जहाजावर पाहुण्यांच्या पलंगावर असे प्राणी ठेवायची पद्धत होती. मग हंस बनवला, माकड बनवलं. शेजारच्या देवकाबाईची नातवंडं आधी आली, त्यांच्या मागून आणखी चारदोन. खेमा दाराच्या फटीतून बघत होती. अर्पिताला ती फट दिसत होती, आणि आपल्याच पोटच्या पोरीला आपण कामावरच्या युक्तीनं वश करतोय, या विचारानं तिचा हात मधेच थांबत होता.

"टीचर, जहाज केवढं असते?" देवकाबाईच्या नातवानं विचारलं.

"लय मोठं. आपलं गाव बसून वर जागा उरते."

"आमाले दाखव ना."

त्या घरात दाखवण्यासारखी एकच जागा होती. अर्पिताचे बाबा मारोती तहसील कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर हौसेनं शेती करत. यंदाचा कापूस वेचून समोरच्या खोलीत भरला होता. खिडकीच्या गजांपर्यंत पांढरा ढीग. दुपारचं ऊन आत आलं की तंतू हवेत तरंगत आणि खोलीचा तळ कुठे, भिंत कुठे, कळत नसे.

"कापसात पोरं? अंग खाजवत बसतील अन् माहा कापूस मळवतील," सखूबाई म्हणाली.

"पाय धुऊन जाऊ दे," मारोती म्हणाले. "आपण नाई का लहानपणी मालकाच्या कापसात उड्या मारायचो? अन् मार खायचो. हा तं आपलाच हाये."

सखूबाईनं पाण्याची बादली भरून दारात ठेवली.

तेव्हापासून दुपारी त्या खोलीत जहाज सुटू लागलं. खाट उलटी करून तिचा जहाजाचा काठ केला. मारोतींची जुनी टोपी कप्तानाला मिळाली. मुलं कापसात बुडत, वर येत, केसांत पांढरं माखून हसत. कुणाला मासा दिसे, कुणाला बेट. अर्पिता म्हणे, "डोळे मिटा. आता लाट येते." आणि सगळी एकदम वर उचलल्यासारखी डुलत. तिला ते करावं लागत नव्हतं. तिची जमीन अजून आपोआपच डुलत होती.

एका दुपारी तिनं डोळे उघडले तेव्हा खेमा कापसात होती. कधी आली कळलंच नाही. उताणी पडून छताकडे बघत होती.

"घर हालून राह्यलं," ती म्हणाली.

"तुले पण लागते का हाललेलं?"

"हो. थोडंसं."

अर्पिता तिच्या शेजारी, पण हातभर लांब, आडवी झाली. दोघी बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मुलं ओरडत होती, पण तो आवाज दूरच्या किनाऱ्यावरून आल्यासारखा वाटत होता.

त्यानंतर खेमा रोज येऊ लागली. पण इतर मुलांसारखीच. इतरांचं ऐकून तीही "टीचर" म्हणू लागली. अर्पितानं तिला दुरुस्त केलं नाही. 

मग खेमानंच विचारलं. "टीचर, जहाजावरची पोरं घरी कधी जातात?"

"संध्याकाळी त्यांची मम्मी नाई तं पप्पा न्यायला येतात. पण असंच नाई सोडत मी. आधीच एक गुपित शब्द ठरवून ठेवतात. तो शब्द सांगितला तरच पोरगं मिळते."

"सगळ्यांची येतात?"

"सगळ्यांची."

खेमानं मान हलवली आणि कापसाचा एक पुंजका हातात चुरत बसली.

दुसऱ्या दिवसापासून मुलांना गुपित शब्द हवेच होते. मुलं घरी जाऊन शब्द सांगून आली आणि संध्याकाळी आया, आज्या दारात जमल्या. देवकाबाई पदरानं तोंड झाकून "भोपळा" म्हणाली आणि तिची नातवंडं उड्या मारत बाहेर पडली. कुणाचा शब्द बैल होता, कुणाचा गुलाबजाम. शेतातून थेट आलेल्या बायका हसून हसून ओट्यावर बसल्या. एक तर शब्द विसरली आणि तिच्या लेकीनं तिला आतून इशारे केले.

शेवटी खोलीत खेमा एकटी उरली. सखूबाई दाराशी आली. "चाल वं बाई. शब्द काय हाये तुहा? मैना? पोपट?"

खेमानं मान हलवली. "आजी, तू नको."

"मंग कोण?"

खेमानं अर्पिताकडे पाहिलं. "तू बाहेर जा. मम्मी बनून ये."

अर्पिता बाहेर गेली. दार आतून लोटलं गेलं. अंगणात संध्याकाळचं पिवळं ऊन होतं. तिच्या अंगावर सगळीकडे कापूस चिकटला होता. समुद्रावर वादळ आलं तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती. तिनं दार वाजवलं.

"कोण?"

"खेमाची मम्मी."

"शब्द?"

तिला शब्द माहीत नव्हता. ती अंदाज करू लागली. "हत्ती?"

"नाई."

"समुद्र? कप्तान? शाळा?"

"नाई."

पोरीला आता काय आवडतं, कशाचं हसू येतं, कशाची भीती वाटते, हे फोनवर कळलं नव्हतं. कपाळ दाराला टेकून ती म्हणाली, "मले नाई माहीत खेमा. तू मले सांगितलाच नाई. अन् मी इचारला पण नाई."

मग दार थोडं उघडलं. खेमा बाहेर आली, अर्पिताचा खांदा खाली ओढला आणि तिच्या कानात गरम श्वासासकट सांगितलं, "चिंचोके."

अर्पिताला हसू आलं आणि रडूही.

"आता परत जा. परत ये," खेमा म्हणाली.

ती परत गेली. दार वाजवलं, शब्द सांगितला. खेमा पळत आली आणि तिच्या कमरेला बिलगली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. सखूबाई चुलीजवळून जेवायला हाका मारत होती आणि दोघी दार उघडत, लावत होत्या.

महिना सरता सरता जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीचा फोन आला. नवं जहाज होतं, पगारही बरा होता. अर्पितानं ओट्यावर बसून मारोती आणि सखूबाईला सांगितलं.

"जायचं असल तं पोरगी झोपेत असताना निघ," सखूबाई म्हणाली. "रडणार नाई."

"उठल्यावर रडेल ना, आई. अन् मी दिसणार नाई." तिनं नखानं ओट्याची माती कोरली. "मी यंदा नाई म्हणते त्यांना. नर्सरीवाल्यांशी बोलली मी, ते ठेवून घेतात. पुढचं पुढं पाहू."

मारोतींनी आपली जुनी टोपी गुडघ्यावर झटकली. मग म्हणाले, "खरं जहाज तं आमाले दाखवलं नाई. नदीवर तरी चाल."

रविवारी सकाळी चौघं पैनगंगेवर गेले. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. नावाड्यानं डोंगा काठाला लावला. सखूबाई दोन्ही हातांनी कड धरून, डोळे मिटून बसली. मारोतींनी जुनी टोपी घातली होती.

"पलीकडं कोणता देश हाये?" खेमानं विचारलं.

"महाराष्ट्र," मारोती म्हणाले. "माही मावशी राह्यते तिकडं."

धुक्यात काही अंतर गेल्यावर मागचा काठही दिसेनासा झाला. फक्त वल्ह्याचा आवाज. खेमा अर्पिताच्या मांडीवर सरकली.

"तू परत जाशील, मम्मी?"

"जाईन कधीतरी. यंदा नाई. अन् जाईन तवा तुले सांगून, दिवसाच जाईन."

खेमानं यावर विचार केला. हात पाण्यात घातला, गार लागला तसा बाहेर काढून मम्मीच्या पोटाला पुसला. मग तिथंच डोकं टेकून झोपली.

पलीकडचा काठ हळूहळू धुक्यातून वर आला. सखूबाईनं डोळे उघडले. डोंगा वाळूला लागला आणि नावाडी म्हणाला, "उतरा बाई, आलं."

अर्पिताचा पाय पार बधिर झाला होता. पण ती हलली नाही.

"दादा, असंच परत घ्या," ती हळूच म्हणाली. "पोरगी झोपली."