शालींच्या गाठोड्यावर बसलेली आत्या

माझा भाऊ रामकिशन तसा गुणाचा, पण हातात माइक आला की त्याला घरदार आठवत न्हाई. आता तर त्याच्याच पोरीचं, प्रियदर्शनीचं लग्न. मंग काय विचारता! विष्णुपुरीला, धरणाच्या अंगाला, एका मित्राच्या शेतात उघड्यावर मांडव घातला. लग्न चार वाजताचं. पण आधी पुढारी पावण्यांचे सत्कार, मंग भाषणं, मंग लग्न.

"आपल्यात मुहूर्त न्हाई अक्का," तो मलाच शिकवून राहिला. "मंग घाई कशाची?"

हेच तर दुखणं हाय! मुहूर्त न्हाई म्हणून आम्हा बौद्धांत लग्न कवाही लागतं. नवरी घामानं निथळती आणि पावणे शाली पांघरून बोलत बसतात.

उघड्यावरचं खूळ प्रियदर्शनीचं. बापाला वाटलं, पोरीला फोटोची हौस. मला तिनं खरं सांगितलं होतं. तिच्या सासूला, लातूरच्या रेणुकाबाईला, दिवस बुडला की दिसत न्हाई. लाइट लावला तरी नुसत्या सावल्या. थोरल्या पोराचं लग्न रात्री लागलं, ते त्या माऊलीनं नुसतं कानानं ऐकलं. आता धाकटा संघपाल, घरातलं शेवटचं कार्य. पण बाई लई मानी. लोकांनी कीव केलेली चालायची न्हाई, म्हणून कोणाला सांगू देईना.

"आत्या, ऊन हाय तवर लग्न लागलं पाहिजे," पोरगी म्हणली. "पप्पाला तुझ्याशिवाय कोण आवरणार?"

"तू हाराचं बघ. तुझ्या बापाला मी बघते."

बघते म्हणलं खरं, पण डोकं चालेना. पाच वाजले तरी पावणे येऊनच राहिले. रामकिशन एकेकाला पुढच्या खुर्चीवर बसवून राहिला. रेणुकाबाई पहिल्या रांगेत ताठ बसलेली, पण नजर सारखी वर जायची, ऊन किती राहिलं बघायला. म्हणलं, काय करावं या भावाचं!

आणि सत्काराच्या शालींचं गाठोडं कोणाच्या ताब्यात? माझ्याच! मी बिलोलीहून येताना जीपमधून आणलं होतं. स्टेजच्या बाजूला कडुलिंबाखाली ठेवलं होतं. मी इकडं तिकडं बघितलं, पदर सावरला, लुगडं पसरलं आणि गाठोड्यावरच मांडी घालून बसले. मऊ होतं. गादीच म्हणा की!

रामकिशननं माइक फुंकला. पहिल्या पावण्याचं नाव घेतलं. पावणा उठला, छाती काढून स्टेजवर आला. शाल कुठंय?

रामकिशन पळत माझ्याकडं. "अक्का, गाठोडं?"

"अगं बाई! जीपमधे तर न्हाई राहिलं?"

"तू इथं खाली कामून बसलीस?"

"गुडघा धरला रे. उठायला लावू नको, बोंबलीन."

गेला जीपकडं. पावणा स्टेजवर उभा. आता आमच्या लोकांची रीत अशी, की शाल अंगावर पडल्याशिवाय कोणी माइकला हात लावायचा न्हाई. बिनसत्काराचं बोललं तर लोक म्हणतील, आगंतुक हाय. पहिला बोलेना म्हणून दुसरा उठेना. सगळे पुढारी गप! असा देखावा मी जन्मात बघितला न्हाई.

मी बसल्या जागेवरून हाक मारली, "भंतेजी, तवर वंदना घ्या की!"

भंतेजीबी बसून कंटाळले होते. त्यांनी लगेच त्रिशरण सुरू केलं. वंदना सुरू झाली की हात जोडून उभं राहायचं, मधे कोणी बोलायचं न्हाई. रामकिशन हात हलवत परत आला आणि तसाच हात जोडून उभा राहिला. काय करतो बिचारा? पंचशील झालं, प्रतिज्ञा झाली. पिवळ्या उन्हात पांढऱ्या साडीतल्या पोरीनं संघपालच्या गळ्यात हार घातला, फुलं उधळली, आणि मी खुशाल रडून घेतलं.

दिवस बुडला. मी उठले, तर रामकिशन पुढ्यात.

"अक्का! यावर बसली होतीस? माझी इज्जत घालवलीस! आता पावण्यांना काय तोंड—"

तेवढ्यात रेणुकाबाई खुर्च्या चाचपत आली. रामकिशनच्या हातभर पुढं थांबली आणि भलतीकडंच बघून म्हणली, "कोण बोलतंय? व्याहीबुवा का?"

रामकिशननं तिच्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं. मी नुसतं मावळतीकडं बोट केलं, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"इथं हाय बाई मी," तो हळूच म्हणला.

"लई झकास लग्न केलंत. सगळं दिसलं मला! हार घालताना सूनबाईनं माझ्या पोराला डोळा मारला, तेबी दिसलं. आणि तुम्ही घाम पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले, तेबी."

गाठोडं तिथंच टाकून रामकिशननं तिचा हात धरला.

"हळू, ढेकळं हायत पायाखाली," म्हणला. "आणखी काय काय दिसलं बाई तुम्हाला?"

जेवणापर्यंत ती सांगत गेली, आणि माझा भाऊ नुसता ऐकत गेला.