साहेबाने काढलेली गुहा

सायवनच्या सुक्याने दोन वर्षं नवा भात तोंडात घातला नव्हता. आधी डोंगरातल्या गुहेत देवाला दाखवायचा, मग घरी खायचा, ही त्यांच्या पाड्याची रीत. पण डोंगर खडी होऊन हायवेवर गेला, आणि देव नेमका कुठल्या लेनखाली बुजला हे कोणी सांगेना.

२०१८ च्या शेवटी भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा भूगर्भशास्त्राच्या जागृती मॅडम दीडशे वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने काढलेलं डोंगराचं चित्र घेऊन आल्या. खडकाचा थर न् थर त्यात होता.

"दादा, ही गुहा कुठे आली?"

"हायवेवर आली, बाय." पण सुक्या चित्राकडे बघतच राहिला. "आतला देव दाखव ना. त्याच्यापुढंच भात ठेवतो."

मॅडमनी चित्र जवळ धरलं. गुहेच्या तोंडात नुसती काळी शाई होती.

"साहेब आत गेलेला दिसत नाही."

"जाईल कसा? बूटवाल्याला आत सोडत नसत. आमच्याच आज्या-पणज्यानं अडवला असंल!"

हे त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

त्या दिवशीही सुक्याच्या घरी रेशनचाच तांदूळ शिजला.